रेवणनाथाची कथा : अधिकार आणि सामर्थ्य

धुंडीसुत मालूंचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ (इ. स. १८१९) मधला. इतिहासाचे साधन म्हणून तो कच्चा आहे; अद्भुतकथा म्हणून त्याची बांधणी पक्की आहे. रेवणनाथाचे कथानक याचा उत्तम नमुना होय.

वाळूत सापडलेले हे मूल सहन सारुक नावाच्या शेतकऱ्याच्या घरी वाढते आणि नांगर धरते. मच्छिंद्र, गोरक्ष यांना गुरूकडून मंत्रविद्या सांगोपांग मिळते; रेवणाला दत्तात्रेय एकच सिद्धी देऊन निघून जातात. तिच्या बळावर तो (शेतकऱ्याला शोभेल असेच) गावाला जेवू घालतो. पुढे मच्छिंद्रनाथांच्या अंगाखांद्यांवर पशुपक्षी निर्भयपणे खेळतात, हे त्याला साधत नाही. आपल्या हाती फळ आले, विद्या आली नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानी येते. अन्नपाणी टाकून तो दत्तभेटीच्या जागी बसतो. आधी अधिकार, मग सामर्थ्य, हा संप्रदायाचा क्रम येथे उलटा झाला आहे.

सोलापूर परिसरात याच नावाचे दुसरे रूप परिचित आहे. राघवांकाच्या तेराव्या शतकातील कन्नड सिद्धरामचरित्रात रेवणसिद्ध सिद्धरामाच्या जन्माचे भविष्य वर्तवतो. तेथे तो मुळातच गुरुपदी आहे. या दोन्ही व्यक्ती एकच काय, हा इतिहासाचा प्रश्न. मराठी कथनाने मात्र त्याला दाराबाहेरचा शेतकरी केले, आणि मच्छिंद्रांनी शब्द टाकल्यावाचून ते दार उघडले नाही.