गृहकर्तव्य आणि अर्थार्जन : वेळेच्या वाटणीचा विचार

ज्या माणसांसाठी चरितार्थाचे कष्ट करावयाचे, त्यांच्याच वाट्याला वेळ येत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. या प्रश्नाचा विचार बहुधा ‘कामातून वेळ कसा काढावा’ अशा रीतीने केला जातो. परंतु उरेल तो वेळ घरास द्यावयाचा असे एकदा ठरले, की उरत काहीच नाही. घराचा वेळ आधी मोजून बाजूला ठेवला, तरच तो पदरात पडतो. कामाच्या तासांचा इतिहास पाहिला म्हणजे हे पटेल.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांतून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. घरच्या कुलाचारासही तो दिवस मोकळा झाला. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामास दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२ साली आठवड्यास ६० तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांत ५४ आणि १९४६ साली ४८ तास अशी मर्यादा उतरत गेली. म्हणजे चोवीस वर्षांत आठवड्याचे बारा तास कामगाराच्या घरी परत आले. ते कोणाच्या सवडीने आले नाहीत. आकडा ठरला म्हणून आले.

आमच्या इंदुरात मालवा, हुकूमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल या गिरण्यांच्या भोंग्यावर कित्येक घरांच्या चुली पेटत. हुकूमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. भोंगा पाळी सुरू झाल्याचे सांगे, तसे संपल्याचेही सांगे. आज दुकान, शिकवणी, दवाखाना किंवा घरी बसून संगणकावर करावयाचे काम, यांपैकी कशालाच भोंगा नाही. जेवणाच्या पानावरही फोन वाजतो आणि काम पुन्हा सुरू होते. कामाने घर सोडले नाही, म्हणजे माणूस घरी आहे असे होत नाही.

दुसरा मार्ग काम घरी आणण्याचा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढे ‘लिज्जत’ची संस्था झाली. सकाळी केंद्रातून भिजवलेले पीठ न्यावे, घरी लाटून वाळवावे, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यावे व मजुरी घ्यावी, अशी ही पद्धत. मुले सांभाळून चार पैसे हाती येतात, हा तिचा मोठा गुण होय. मात्र लाटणे घरी आले तरी घरातील इतर कामे कमी होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

खरी अडचण येथेच आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात व घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ व ८८ झाले. दोघांचीही मिनिटे थोडी घटली. अंतर जसेच्या तसे राहिले. सून नोकरी करते याचा अभिमान बाळगणाऱ्या घरातही तिची दुसरी पाळी संध्याकाळी सुरू होते. मूल झाल्यावर किंवा सासूबाई अंथरुणास खिळल्यावर नोकरी कोणी सोडावयाची, हा प्रश्न अशा घरात विचारलाच जात नाही. उत्तर आधीच ठरलेले असते.

यास उपाय काय? प्रथम, एक आठवडाभर घरातील प्रत्येकाच्या कामाची तासवार नोंद एका वहीत करावी. वही पाहिल्यावर वादास फारशी जागा उरत नाही. दुसरे, ‘मदत’ हा शब्द टाकून द्यावा. मुलांचा अभ्यास, आजोबांचे औषध, भाजी आणणे ही कामे नावानिशी वाटून घ्यावी. ज्याचे नाव, त्याची जबाबदारी. तिसरे, काम संपण्याची वेळ घरानेच ठरवावी आणि त्यानंतर दुखणेबाणे वा तसेच निकडीचे कारण नसल्यास कामाचा फोन घेऊ नये. हाच घरचा भोंगा समजावा.

परंतु सर्वच भार कुटुंबावर टाकणे न्याय्य नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ साली ही संख्या तीसवर आणली. पण लहान दुकानात, परक्याच्या स्वयंपाकघरात किंवा स्वतःच्या घरात काम करणाऱ्या आईपर्यंत असा नियम पोचला नाही. तेथे समाजानेच पुढे व्हावयास हवे. आपल्या संस्थांची सभागृहे संध्याकाळच्या कार्यक्रमांनी गजबजतात आणि दुपारी कुलूपबंद असतात. त्यांतील एका खोलीत सकाळी दहा ते सहा पाळणाघर किंवा वृद्धांसाठी विसाव्याची जागा चालविता आली, तर एखाद्या आईची नोकरी टिकेल. जुबिलीच्या वर्षी कार्यकारी मंडळाने आणि वाचकांनी या सूचनेचा विचार करावा, एवढीच विनंती.