थंडीतलं जिरेनियम: कुंडी झाकू नका, पाणी आवरा



कुंड्या भरून विकणाऱ्या रोपवाटिकावाल्यांसाठी आजचा मेसेज. घरी दोन-चार कुंड्या असतील त्यांनीही वाचावा.

मोबाईलवर व्हिडिओ फिरतात की थंडी आली, जिरेनियम घरात घ्या, प्लास्टिकने झाका, नाहीतर उपटून कागदी पिशवीत ठेवा. हे बर्फ पडतं त्या देशांचं झालं. पडघा-वज्रेश्वरीकडे पहाटे कितीही गारठलं तरी पारा शून्यापर्यंत जात नाही. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, आपली थंडी त्याला मानवते. फुलाचा आणि विक्रीचा हंगामही हाच. प्लास्टिक टाकलंत तर आत घाम धरतो आणि पानं सडतात.

मग रोपं मरतात कशानं? जास्त पाण्यानं. थंडीत माती लवकर वाळत नाही, पण आपण उन्हाळ्यासारखं रोज पाणी घालतो. बुंधा जमिनीलगत काळा पडून मऊ झाला की ते रोप गेलं समजा. औषधात पैसे घालू नका, मातीसकट बाहेर काढा आणि ती माती परत वापरू नका.

बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी उन्हं वर आल्यावर, बुंध्याशी. पाईपने पानांवर फवारा मारू नका, दव आधीच पडलेलं असतं. सुकलेली फुलं दांड्यासकट खुडा, बुरशी तिथूनच सुरू होते.

भातखाचराची चिकट माती एकटी भरू नका. तिच्यात शेणखत, कोकोपीट आणि जाड वाळू मिसळा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

हिरव्या शेडनेटखाली रोपं लांबट होतात, फूल कमी येतं. फेब्रुवारीअखेर उघड्या उन्हात ठेवा, मार्चपासून दुपारची सावली द्या. १९:१९:१९ दर पंधरा दिवसांनी, लिटरला २ ग्रॅम पुरे.

आता महत्त्वाचं. आपल्याकडे जिरेनियमचा खरा वैरी पावसाळा आहे. दरवर्षी रोपं विकत आणायची नसतील तर डिसेंबर-जानेवारीतच निरोगी झाडाचे शेंडे घ्या. ३ ते ४ इंच, डोळ्याच्या खाली काप, खालची पानं काढून टाका. काप दोन-तीन तास सावलीत सुकू द्या, मग लावा. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. ब्लेड प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा, रोग त्यावरूनच पसरतो.

हीच मातृरोपं जूनमध्ये वर प्लास्टिक, बाजू मोकळ्या अशा मांडवाखाली न्या. तेलासाठी जिरेनियम लावणाऱ्यांनाही हीच अडचण होती, म्हणून लखनौच्या सीमॅप संस्थेनं पावसात मातृरोपं वाचवायला असाच आडोसा सुचवला.

बुंधा काळा दिसतोय अशी शंका असेल तर जवळून फोटो काढून ग्रुपवर टाका, सोबत शेवटचं पाणी कधी दिलं तेही लिहा.