नदीच्या पाण्याची ऋतुवार पाहणी
(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान व भूगोल)

पाठाचा हेतू : नदीचे पाणी सर्व ठिकाणी व सर्व ऋतूंत सारखे नसते, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या निरीक्षणाने जाणावे, आणि एका दिवसाच्या, एका घाटावरच्या पाण्यावरून साऱ्या नदीविषयी निर्णय देऊ नये, ही शास्त्रीय दृष्टी त्यांच्या अंगी बाणावी.

विषयप्रवेश : शिक्षकांनी फळ्यावर पंचगंगेचा नकाशा काढावा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमातून ही नदी सिद्ध होते आणि कोल्हापूर, इचलकरंजी या शहरांजवळून वाहत नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वाटेत शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी तिच्यात येते. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पिण्याच्या पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली व त्यात माणसे दगावली, हेही सांगावे. पाण्याची पाहणी कशासाठी करावयाची, हे मग मुलांना निराळे समजवावे लागत नाही.

ठिकाणांची निवड : निदान तीन ठिकाणे घ्यावीत. पहिले, नाला मिळण्यापूर्वी वरच्या अंगास. दुसरे, नाला मिळाल्यावर लगेच. तिसरे, बरेच खाली, जेथे दोन्ही पाणी पूर्ण मिसळलेले असते. वरच्या ठिकाणाची नोंद नसेल तर घाण नाल्याने आणली की ती आधीच होती, हे ठरविता येत नाही.

ऋतूंचा परिणाम : हे गणिताने पटवून द्यावे. नाल्यातून १ घागर सांडपाणी येत असता पावसाळ्यात त्यात नदीच्या ९९ घागरी मिसळल्या, तर सांडपाण्याचा वाटा शंभरात १ होतो. उन्हाळ्यात ४ घागरीच मिसळल्या, तर तोच वाटा शंभरात २० होतो. शिवाय ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. म्हणून माशांवर उन्हाळ्यात संकट येते. पहिल्या पावसात रस्त्यांवरची व शेतांतली साचलेली घाण एकदम नदीत उतरते, याकरिता त्या दिवसांची नोंद अवश्य घ्यावी. पुराचे गढूळपण प्रामुख्याने मातीचे असते. उलट नितळ पाण्यातही रोगजंतू असू शकतात. केवळ डोळ्यांवर विसंबू नये.

प्रयोगशाळेतील कसोट्या : पाण्यातील घाण कुजविताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू खर्च करतात, यावरून घाणीचे मान कळते. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅम वा अधिक, आणि ही मागणी ३ मिलिग्रॅम वा कमी असावी, असे भारतातील मानक आहे. जलप्रदूषणाचा प्रतिबंध करणारा कायदा १९७४ साली झाला.

शाळेतील कार्य : महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी पाणी घ्यावे. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडते व रात्री तो खर्च होतो, म्हणून वेळ बदलल्यास तुलना फसते. पाणी शिक्षकांनी पुलावरून दोरीच्या बादलीने काढावे. मुलांनी पात्रात उतरू नये, पाणी चाखू नये, आणि शेवटी साबणाने हात धुवावेत. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, तापमान, रंग, वास, फेस आणि मागील दोन दिवसांचा पाऊस लिहावा. दोरीस बांधलेली पांढरी थाळी किती खोलीवर दिसेनाशी होते, तेही मोजावे. आकडा अपेक्षेहून निराळा आला म्हणून तो खोडू नये.

स्वाध्याय :
१. तिन्ही ठिकाणांच्या वर्षभराच्या तापमानाचा आलेख काढा.
२. नाल्याच्या वर व खाली कोणता फरक आढळला? तो कोणत्या ऋतूत अधिक होता?
३. आपल्या गावचे सांडपाणी कोठे जाते व खालच्या कोणत्या गावी पोहोचते, ते नकाशावर दाखवा.

वर्षअखेर ही वही ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी आणि पुढील वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी. दहा वर्षांच्या अशा नोंदी म्हणजे गावाजवळ असलेला नदीचा विश्वसनीय इतिहासच होय.