पंपाच्या पेटींतील आज्ञावलीचा फेरफार

विहिरीवरील पंप दुरून चालू-बंद करणाऱ्या पेट्यांत ईएसपी-३२ ही २०१६ सालीं निघालेली चिप वापरतात. तिची आज्ञावली बदलतांना मध्येंच वीज गेली तर? यासाठीं स्मृतींत दोन कप्पे राखितां येतात. चालू आज्ञावली एकांत राहते. नवी दुसऱ्यांत उतरते, व ती अखंड असल्याची खात्री पटल्यावरच यंत्र तिच्यावर सुरू होतें. नवीनें आपण ठीक चालत असल्याची खूण करण्यापूर्वीं यंत्र पुन्हां सुरू झालें, तर जुनी परत येते. फेरफार मंजूर होईपर्यंत जुनी नोंद कायम, तसाच हा प्रकार.

ही परतीची सोय मात्र कारखानदारानें आरंभींच चालू केलेली असावी लागते. म्हणून ती आहे काय, व नव्या आज्ञावलीवरील कारखान्याची सांकेतिक सही पेटी तपासते काय, हें विक्रेत्यास स्पष्ट विचारावें. सही न तपासणाऱ्या पेटींत परकी आज्ञावलीहि शिरूं शकते. आणि ऐन पाळीस पंप बंद पडल्यास उन्हाळी भुईमूग दुरुस्तीची वाट पाहत थांबत नाहीं.