भय आणि हास्य : रोआल्ड डाल यांची कुमार-अद्भुतिका

प्रस्तावना

साधारणपणे ८ ते १२ या वयोगटातील वाचकांसाठी लिहिलेल्या, काळ्या विनोदाने रंगलेल्या अद्भुतिकेचा विचार आपल्याला या घटकात करावयाचा आहे. मृत्यू, क्रौर्य, किळस यांसारख्या ज्या गोष्टींवर हसू नये असा संकेत असतो, त्यांतूनच निर्माण होणारा विनोद म्हणजे काळा विनोद.

काव्यशास्त्राच्या अभ्यासात तुम्ही रसविरोध ही संकल्पना वाचली असेल. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस सांगितले आहेत. हे मान्य केले, तर एकाच वेळी घाबरवणारी आणि हसवणारी कादंबरी मुळात उभीच राहू नये. प्रत्यक्षात ती उभी राहते आणि मुले ती पुन्हा पुन्हा वाचतात. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण ज्यांनी रंगभूमीवर पाहिली असेल, त्यांना हा अनुभव सर्वस्वी अपरिचित नाही.

‘द विचेस’ : एक अभ्यास

रोआल्ड डाल (१९१६–१९९०) यांचा जन्म वेल्समधील कार्डिफचा. आईवडील मात्र नॉर्वेचे. क्वेंटिन ब्लेक यांच्या चित्रांसह १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द विचेस’ या कादंबरीचा निवेदक हा एक मुलगा आहे. कथेच्या आरंभीच मोटार-अपघातात त्याचे आईवडील दगावतात आणि तो नॉर्वेजियन आजीकडे येतो. चिरूट ओढणारी ही वृद्धा नातवाचे दुःख हलके करण्यासाठी त्याला गोष्टी सांगते, त्याही चेटकिणींच्या! त्यांतली एक मुलगी घरातल्या तैलचित्रात अडकते, वर्षानुवर्षे त्या चित्रातच वाढते, म्हातारी होत जाते आणि एके दिवशी नाहीशी होते. आजी हे सारे अत्यंत शांतपणे सांगते. या शांतपणामुळेच भय अधिक दाटते, हे ध्यानात घ्यावे.

आता आजीने सांगितलेली चेटकिणींची लक्षणे पाहा. त्या झाडूवर बसून उडत नाहीत. चारचौघींसारखे कपडे घालून वावरतात. नखांऐवजी असलेले नख्यांसारखे पंजे लपवण्यासाठी हातमोजे घालतात आणि टक्कल झाकण्यासाठी टोप वापरतात. सर्वांत मार्मिक लक्षण वासाचे आहे. स्वच्छ मुलाच्या अंगाला त्यांना कुत्र्याच्या विष्ठेची दुर्गंधी येते. मूल जितके स्वच्छ, तितकी दुर्गंधी अधिक. म्हणजे वरचेवर अंघोळ करणे जिवावर बेतणारे! अंघोळीचा कंटाळा असलेल्या वाचकाला यात हसू येणारच. पण त्याच वाक्याने त्याच्या मनात अशी शंकाही पेरलेली असते की, शेजारी उभी असलेली एखादी बाई आपला वास घेत असेल. येथे आधी भय आणि मग उतारा म्हणून विनोद, असा क्रम नाही. एकच तपशील दोन्ही रसांचा विभाव झाला आहे. रसविरोधाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते.

हीच युक्ती पुढे मोठ्या प्रमाणावर योजली आहे. बोर्नमथच्या एका हॉटेलात चेटकिणींची सभा भरते, तीही मुलांवरील क्रौर्य रोखणाऱ्या संस्थेच्या नावाखाली. पाळलेल्या पांढऱ्या उंदरांना कसरती शिकवण्यासाठी त्याच दालनात गेलेला निवेदक पडद्यामागे लपतो. बऱ्याच दिवसांत अंघोळ न केल्यामुळे तो काही काळ वाचतो, पण अखेरीस सापडतो आणि औषधाच्या मात्रेने त्याचाच उंदीर होतो.

या कादंबरीवर आक्षेपही घेतले गेले. येथील चेटकिणी केवळ स्त्रियाच आहेत, हा त्यांतला प्रमुख आक्षेप. आजीसारखी खंबीर, विनोदी स्त्री समोर असल्याने त्याची धार कमी होते. परंतु तो निराधार आहे असे म्हणता येत नाही.

शेवटाचा प्रश्न

खरी कसोटी शेवटी लागते. मुलगा पुन्हा माणूस होत नाही. आपण किती वर्षे जगू, असे तो आजीला विचारतो. सुमारे नऊ वर्षे, असे ती अंदाजाने सांगते. ती स्वतः ८६ वर्षांची आहे. हे ऐकून मुलाला आनंद होतो, कारण आजीच्या मागे एकट्याने जगण्याची त्याची इच्छाच नाही. आईवडील गमावलेल्या मुलाने असा हिशेब मांडावा, यात करुण आहे. तो उंदराने मांडावा, यात हास्य आहे. त्यानंतर दोघेही मोठ्या उत्साहाने उरलेल्या चेटकिणींच्या पारिपत्याचे बेत आखू लागतात.

निकोलस रोएग यांच्या १९९० च्या चित्रपटात मुलाला पुन्हा माणूस केले गेले. डाल यांना हा बदल मुळीच रुचला नाही. तुमच्यापैकी अनेकजण आईवडील किंवा शिक्षक आहेत. मुलांच्या हाती पुस्तक देताना चित्रपटकर्त्याची काळजी तुम्हालाही जवळची वाटेल आणि ती समजण्याजोगी आहे. तथापि, मुलगा माणूस झाला की नऊ वर्षांच्या त्या संभाषणाला जागाच उरत नाही. आजी गेल्यावर त्याचे काय होणार, हा कादंबरीने धीराने हाताळलेला प्रश्न मग कोणी विचारतच नाही.

आपली प्रगती तपासा

तुमच्या माहितीतील १० ते १२ वर्षांच्या एखाद्या मुलाला वा मुलीला ‘द विचेस’चे कथानक तोंडी सांगा, शेवट मात्र सांगू नका. त्याने किंवा तिने सुचवलेला शेवट नोंदवून घ्या आणि त्यात भय, हास्य व करुण यांपैकी कोणते रस आढळतात ते दीडशे शब्दांत लिहा.