गोळी घेतली की नाही?

गेल्या महिन्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्व भागातल्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा रिक्षातून दवाखान्यात घेऊन आला. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, बोलणे असंबद्ध. बोट टोचून रक्तातील साखर पाहिली, तर ती ४८! गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून साखरेचे पाणी पाजले. वीस मिनिटांत माणूस ताळ्यावर आला. पण गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून त्यांना दिवसभर नजरेखाली ठेवावे लागले. झाले होते ते असे. न्याहारीपूर्वीची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी घेतली होती. तेवढ्यात फोन वाजला. बोलून परतले तर गोळी घेतली की नाही ते आठवेना. मग आणखी एक घेतली.

"डॉक्टर, बाबा हल्ली फार विसरतात. हा म्हातारपणाचा रोग तर नव्हे ना?" मुलाने विचारले.

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-चारदा तरी विचारला जातो. आणि विचारणारे सगळेच वृद्ध नसतात. गॅस बंद केला का, हे पाहायला अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या गृहिणी असतात, दहावीची मुले असतात. खुद्द मी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून तो टेबलावर शोधतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय!

वाचकहो, स्मरणाच्या तीन पायऱ्या आहेत. गोष्ट मनात नोंदली जाणे, ती टिकणे आणि हवी तेव्हा आठवणे. रोजच्या विसरण्यातले बरेचसे पहिल्याच पायरीवरचे असते. हाताने गोळी घेतली, मन फोनकडे होते. नोंदच झाली नाही, तर आठवणार काय? रोजची सवयीची कामे हात आपोआप करतात, म्हणून घोटाळा नेमका त्यांतच होतो.

म्हणून उपायही नोंदीचाच हवा. गॅसची कळ फिरवताना "गॅस बंद केला" असे मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या. किल्लीला दाराजवळ एकच खिळा ठरवा. गोळ्यांसाठी सात खणांची डबी मिळते, ती दर रविवारी भरावी. खण रिकामा म्हणजे गोळी पोटात. डबी नसेल तर गोळी घेताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी, आणि खूण होईपर्यंत फोन वाजत असला तर वाजू द्यावा. एवढे करूनही साखरेच्या गोळीविषयी शंका राहिली, तर दुसरी घेऊ नये, ती वेळ सोडून द्यावी. इतर औषधांचे नियम वेगळे असू शकतात, ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावेत.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, नंतर सावकाश, असे त्याला दिसले. तेव्हा एका रात्रीत दहा वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या आणि आठवड्याने, अशी उजळणी बरी. बदाम खायला हरकत नाही, पण बदामाने कुणाची किल्ली सापडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मात्र प्रत्येक विसराळूपणा लक्षाचा नसतो. थायरॉइडची कमतरता, अपुरी झोप (यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांत ही तक्रार हमखास), मनाची उदासी ही कारणे वारंवार आढळतात. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही डोके जड होते. ऐकू कमी येत असेल तर माणूस विसरत नाही, त्याला मुळात ऐकूच आलेले नसते. बी-१२ जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी पडू शकते. तळपायाला मुंग्या, जिभेची आग आणि विसरणे हे एकत्र दिसले तर रक्त तपासावे. हे गृहस्थ नऊ वर्षे मेटफॉर्मिनवर होते. तपासले, बी-१२ फारच कमी निघाले.

चश्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चश्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. जन्म गेलेल्या गल्लीत वाट चुकणे, दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा हिशेब न जमणे, ही लक्षणे वयावर ढकलू नयेत. आणि कालपर्यंत धड असलेला वृद्ध माणूस आज एकदम बरळू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, मे महिन्याच्या उन्हाने शरीरातले पाणी वा सोडियम घटणे, पक्षाघात, असे काहीही असू शकते. डोक्याला किरकोळ मार लागून दोन-चार आठवड्यांनी आत रक्त साकळते, त्यातही माणूस असाच गोंधळतो. यांतली बरीच कारणे वेळीच आल्यास बरी होतात.

त्या गृहस्थांना बी-१२ची इंजेक्शने चालू केली, ग्लिमेपिराइडची मात्रा निम्म्यावर आणली. परवा ते डबी घेऊन आले होते. पायाच्या मुंग्या कमी आहेत, विसरणे थोडे कमी आहे. मंगळवारचा खण मात्र भरलेलाच होता. "त्या दिवशी शंका आली, सोडून दिली," म्हणाले.