फ्रिजमधलं कासव

जर्मनीत उन्हाळ्याच्या शेवटी कधी कधी रस्त्याच्या कडेला एखादं कासव चालताना दिसतं. ते रानातलं नसतं. जर्मनीचं मूळचं कासव एकच, ते तळ्यात राहतं आणि फार दुर्मिळ आहे. जमिनीवर चालणारं कासव दिसलं, तर ते कुणाच्या तरी बागेतून निसटलेलं असणार. कासव हळू चालतं हे खरं, पण दिवसभर चालत राहतं. शिवाय कुंपणाखालची माती उकरून बाहेर पडणं त्याला छान जमतं!

समजा, सप्टेंबरमध्ये असं कासव तुम्हाला सापडलं. लगेच ‘माझं कासव’ म्हणता येत नाही. आधी फुंडब्युरोला, म्हणजे हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयाला, किंवा जवळच्या टियरहाईमला कळवावं लागतं. कळवल्यापासून सहा महिन्यांत मालक आला नाही, तर कायद्याने कासव सापडणाऱ्याचं होतं. सप्टेंबर ते मार्च! म्हणजे कार्यालयाने ते तुमच्या घरी राहू दिलं, तरी पहिला अख्खा हिवाळा तुम्ही दुसऱ्याचं कासव सांभाळत असता. मार्चमध्ये कुणी दारात येऊन “हे आमचं” म्हणालं, तर द्यावं लागतं. पुढे ते तुमचं झालं, तरी निसर्गसंरक्षण कार्यालयाचे कागद लागतात, कारण ही कासवं संरक्षित आहेत. त्या कागदांवर पाठीचे आणि पोटाचे फोटो असतात. कवचावरची नक्षी प्रत्येक कासवाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी.

नंतर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. हे कोणत्या जातीचं, ते आधी कळायला हवं. जर्मन बागांमध्ये बहुतेक वेळा असतं ते ‘ग्रीक’ कासव. त्याच्या शेपटीच्या टोकाला नखासारखा काटा असतो. ते भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतलं आहे आणि हिवाळ्यात झोपतं. पण पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं भारतातलं स्टार कासव असं झोपत नाही. त्याला थंडीत ठेवलं तर ते आजारी पडतं, मरूही शकतं.

आता खरी गंमत. ग्रीक कासवाला झोपवायचं कुठे? फ्रिजमध्ये!

हे फोनवर ऐकून पुण्यातली आजी काय म्हणेल?

“अगं बाई, फ्रिजमध्ये? गारठून जाईल की ते बिचारं! शालीत गुंडाळ आणि हीटरजवळ ठेव.”

“अगं आजी, हीटरजवळच ते आजारी पडेल.”

“असं कसं गं?”

असं, की आपल्या शरीरात ऊब तयार होते, कासवाच्या शरीरात तशी होत नाही. हवा जितकी गार, तितकंच कासव गार. ४ ते ६ अंशांना त्याचं हृदय अगदी हळू चालतं आणि शक्ती फारच कमी खर्च होते. पण बारा-पंधरा अंशांच्या खोलीत ते ना नीट जागं असतं, ना नीट झोपलेलं. खात नाही, आणि साठवलेली शक्ती मात्र संपत जाते. अशा अर्धवट उबेत कासवं हिवाळाभर झिजतात. शाल म्हणजे माया, पण कासवाला ती पोचत नाही.

मराठीत सगळ्याच प्राण्यांच्या अशा झोपेला आपण ‘शीतनिद्रा’ म्हणतो. जर्मन भाषा इथे फरक करते. अंगावर काटे असलेला ईगल झोपतो तो विंटरश्लाफ. फार थंडी पडली तर तो आतून ऊब वाढवू शकतो. कासवाची ती विंटरश्टारं, म्हणजे ताठरून जाणं. तापमान शून्याच्या खाली गेलं, तर ते गोठतं. म्हणून घराबाहेरची थंडी चालत नाही. थंडी हवी, पण रोज सारखी.

म्हणून तळघरातला जुना फ्रिज. दूध-भाजीचा नाही! डब्यात ओलसर माती, वर बीचची वाळलेली पानं, आणि आत थर्मामीटर. दार आठवड्यातून एकदा तरी उघडायचं, म्हणजे ताजी हवा जाते. त्याआधी, सप्टेंबरमध्येच, डॉक्टर विष्ठेत जंत आहेत का ते तपासतात. ऑक्टोबरपासून कासवाचं खाणं कमी होतं. मग कोमट पाण्यात अंघोळी घालतात, म्हणजे पोट रिकामं होतं. पोटात अन्न राहिलं तर ते झोपेत कुजतं.

सगळ्यात महत्त्वाचा असतो तो वजनकाटा. झोपण्याआधी वजन लिहून ठेवायचं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायचं. ६०० ग्रॅमचं कासव ५४० ग्रॅमच्या खाली गेलं, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. संतांच्या अभंगांत कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते असं म्हणतात. खरी कासवी अंडी घालून निघून जाते, पण तळघरातल्या कासवाला नजर मात्र लागते, आणि काटाही.

सापडलेलं कासव अशक्त किंवा आजारी असलं, तर डॉक्टर म्हणतात, “यंदा झोपवू नका.” मग मोठी पेटी, तापणारा आणि अतिनील किरण देणारा दिवा, आणि हिवाळाभर रोज हिरवा पाला. काम बरंच वाढतं.

झोपलेलं कासव मार्चच्या सुमाराला फ्रिजमधून बाहेर काढायचं, आधी एक-दोन दिवस थोड्या गार खोलीत, मग उबेत. कोमट पाण्यात ठेवलं की ते मान खाली घालून पाणी पितं, कधी बराच वेळ. काही दिवसांत डँडेलियनचं पान पुढे धरलं, तर चावतं. फुंडब्युरोचे सहा महिनेही साधारण तेव्हाच संपतात.

शब्द
निसटणे – नकळत सुटून जाणे
गारठणे – थंडीने आखडणे
झिजणे – हळूहळू कमी होणे
माया – प्रेम, जिव्हाळा

स्वाध्याय
१. कासवाला बारा अंशांच्या खोलीत ठेवलं तर काय होईल?
२. एका कासवाचं वजन ७५० ग्रॅम आहे. किती ग्रॅमच्या खाली गेल्यावर डॉक्टरांना फोन कराल?
३. ‘श्टारं’ आणि ‘श्लाफ’ यांतला फरक मराठीत दोन वाक्यांत सांगा.
४. मार्चमध्ये मालक आला. त्याला तुम्ही कासवाबद्दल काय काय सांगाल? जोडीदाराशी बोलून पाहा. मालक वयाने मोठा आहे, म्हणून ‘तुम्ही’ वापरा.